रामरक्षा म्हटली की भीती का कमी होते? स्तोत्राचा अर्थ, रचना आणि ‘देव राखतो’ या विश्वासाची मर्यादा

रात्री लाईट गेली, अंधारात पाय टाकायचा आहे, आणि तोंडात आपोआप ‘राम राम’ येतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेली आई पुटपुटत असते. परीक्षेला निघालेल्या मुलाला आजी सांगते, ‘रामरक्षा म्हणून जा रे.’ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की शुभंकरोती, रामरक्षा आणि मारुती स्तोत्र हा क्रम वर्षानुवर्षं चालत आला आहे.

दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट फिरतात. रामरक्षेच्या अमुक ओळीने डोळ्यांचा आजार बरा होतो, अमुक ओळीने गुडघेदुखी जाते, एकवीस जणांना पाठवा म्हणजे संकट टळेल. त्याखाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं: एक बाजू म्हणते चमत्कार आहे, दुसरी म्हणते थोतांड आहे.

या दोन्हींच्या मधे एक साधा प्रश्न राहून जातो. देव आपलं रक्षण करतो असं मानल्याने माणूस भीतीतून खरंच मोकळा होतो का? होत असेल तर कसा, आणि कुठपर्यंत? रामरक्षा हातात घेऊन याचं उत्तर शोधू.

रामरक्षा म्हणजे नेमकं काय?

रामरक्षा हे ३८ श्लोकांचं संस्कृत स्तोत्र आहे. सुरुवातीच्या विनियोगातच त्याची ओळख दिलेली असते: ऋषी बुधकौशिक, देवता सीतारामचंद्र, छंद अनुष्टुप, शक्ती सीता आणि कीलक हनुमान. भगवान शंकरांनी बुधकौशिक ऋषींना स्वप्नात रामरक्षा सांगितली आणि सकाळी उठल्यावर त्यांनी ती जशीच्या तशी लिहून काढली, असं स्तोत्रातच म्हटलं आहे.

‘रक्षा’ या शब्दावरूनच हेतू कळतो. या प्रकारच्या स्तोत्रांना ‘कवच’ म्हणतात. रामरक्षा एकटी नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधात इंद्राला शिकवलेलं नारायण कवच आहे. सप्तशतीच्या पाठाआधी देवीकवच म्हणतात. युद्धावर जाणारा वीर अंगावर चिलखत चढवतो, तसं हे शब्दांचं चिलखत, अशी ही कल्पना आहे. रामरक्षेत तर या कवचाला ‘वज्रपंजर’ असं नाव दिलं आहे. म्हणजे वज्राचा पिंजरा.

सावकाश म्हटलं तरी दहा-बारा मिनिटांत स्तोत्र पूर्ण होतं. पाठ करायला सोपं, चालीत म्हणायला गोड. त्यामुळे ते पोथीतून बाहेर पडून घराघरांतल्या मुलांच्या तोंडी गेलं.

डोक्यापासून पायापर्यंत: कवचाची रचना

स्तोत्राचा गाभा चौथ्या श्लोकापासून सुरू होतो. इथे शरीराचा एकेक अवयव घेतला आहे आणि प्रत्येक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवला आहे.

डोकं राघवाने राखावं, कपाळ दशरथपुत्राने, डोळे कौसल्येच्या मुलाने. कान विश्वामित्रांच्या लाडक्याने, नाक यज्ञाचं रक्षण करणाऱ्याने, तोंड लक्ष्मणावर माया करणाऱ्याने. असं करत करत आपण खाली येतो. शिवधनुष्य मोडणाऱ्याने दंड राखावेत, सीतापतीने हात, खर राक्षसाला मारणाऱ्याने शरीराचा मध्यभाग. सुग्रीवाच्या स्वामीकडे कंबर येते. सेतू बांधणाऱ्याकडे गुडघे, दशमुख रावणाचा अंत करणाऱ्याकडे पोटऱ्या आणि विभीषणाला राज्यवैभव देणाऱ्याकडे पाय. शेवटी सगळं शरीर रामाच्या स्वाधीन.

ही नावं नीट पाहिली तर एक गंमत लक्षात येते. डोक्याशी रामाचा जन्म आणि आईवडील आहेत. कान-नाकाशी विश्वामित्रांबरोबरचे दिवस. पुढे स्वयंवर, मग वनवासातली लढाई, सुग्रीव-हनुमानाची भेट, सेतू, रावणवध आणि विभीषणाचा राज्याभिषेक. क्रम अगदी काटेकोर नाही, पण ढोबळमानाने डोक्यापासून पायापर्यंत येता येता अख्खं रामायण होऊन जातं.

लहानपणी पाठ केलेल्या अनेकांना हे मोठेपणी कळतं. आपण नुसती नावं घेत नव्हतो. संकटांतून पार पडलेल्या एका माणसाची गोष्ट आपल्याच शरीरावर हळूहळू पांघरत होतो.

इथे ‘काही होणार नाही’ असं म्हटलंय का?

देव राखतो म्हणजे आपल्यावर संकट येणारच नाही, असा अर्थ अनेकजण घेतात. मग संकट आलं की दोन गोष्टी होतात. एक तर देवावरचा विश्वास उडतो, नाहीतर ‘आपलंच काहीतरी चुकलं’ म्हणून माणूस स्वतःला कोसत बसतो.

पण ज्याचं नाव घेऊन रक्षण मागायचं, त्या रामाचं आयुष्य कसं होतं? राज्याभिषेकाच्या ऐन वेळी वनवास, वडिलांचा मृत्यू, बायकोचं हरण, रणांगणात मूर्च्छित पडलेला भाऊ. यातलं काहीही टळलं नाही. तरी राम थांबला नाही. रामरक्षेतली नावंही बघा: सेतू बांधणारा, धनुष्य मोडणारा, रावणाला मारणारा. ही संकट टळलेल्या माणसाची नावं नाहीत. संकटातून पलीकडे गेलेल्याची आहेत.

स्तोत्रात पुढे एक सुंदर मागणं आहे. धनुष्य सज्ज केलेले राम-लक्ष्मण माझ्या रक्षणासाठी वाटेत नेहमी माझ्या पुढे चालोत, असा त्याचा भाव आहे. म्हणजे मागणारा माणूस घरात कडी लावून बसलेला नाही. तो वाटेला लागलेला आहे. त्याला सोबत हवी आहे.

कवचाच्या शेवटी पायांशी विभीषण आहे, त्याचीही आठवण ठेवायला हवी. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात विभीषण रावणाला सोडून रामाकडे येतो. सुग्रीवाला संशय येतो, शत्रूचा भाऊ आहे, घात करेल. राम सगळ्यांचं ऐकून घेतो आणि सांगतो, ‘तुझा आहे’ म्हणत जो एकदा शरण आला, त्याला अभय देणं हे माझं व्रत आहे. शरणागतीचा विषय निघाला की कीर्तन-प्रवचनांत हा प्रसंग हमखास येतो. पण पुढे काय झालं? विभीषण शरण आला आणि निवांत बसला, असं झालं नाही. तो रामाच्या बाजूने युद्धात उभा राहिला. अभय मिळाल्यावर त्याचं काम सुरू झालं.

‘अभय’ म्हणजे काय? गीता, ज्ञानेश्वरी आणि समर्थ

आपल्या परंपरेत निर्भयतेला फार वरचं स्थान आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी येते आणि त्या यादीतला पहिलाच शब्द ‘अभय’ आहे. दया, सत्य, अहिंसा, दान हे सगळे त्यानंतर.

ज्ञानेश्वर महाराज या शब्दाचं विवरण करताना घरगुती दाखले देतात. जो महापुरात उडीच घेत नाही, त्याला बुडण्याची धास्ती नसते. जो पथ्य सांभाळतो, त्याला रोगाची फिकीर नसते. त्याचप्रमाणे, ‘मी करतो’ हा अहंकार सुटला आणि सगळीकडे एकच तत्त्व भरलेलं आहे हे उमजलं, की संसाराचं भय उरत नाही, असं ते सांगतात. मुद्दा अद्वैताचा आहे, पण दाखले मात्र पूर आणि पथ्याचे आहेत. निर्भय माणूस म्हणजे पुरात उडी घेणारा, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

समर्थ रामदासांनी हीच गोष्ट सोप्या मराठीत घराघरांत नेली. मनाच्या श्लोकांची संख्या २०५. त्यात एके ठिकाणी सलग अनेक श्लोकांचा शेवट एकाच ओळीने होतो: राम आपल्या भक्ताची उपेक्षा कधी करत नाही, या अर्थाची ती ओळ. ती वारंवार का येते? कारण घाबरलेल्या मनाला एकदा सांगून पटत नाही. त्याला तेच तेच सांगावं लागतं. आणि हेच समर्थ बलोपासनाही सांगत होते, मारुतीची मंदिरं उभारत होते. देवावर भार आणि अंगात बळ, या दोन गोष्टी त्यांना एकमेकींच्या आड येणाऱ्या वाटल्या नाहीत.

भुतांना भिणारा मोहन आणि त्याची रामरक्षा

या विषयावरचं एक फार प्रामाणिक उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत सापडतं.

लहानपणी मोहनला भुताखेतांची खूप भीती वाटायची. त्यांच्या घरी रंभा नावाची जुनी सेविका होती. तिने या भीतीवर उपाय सांगितला: रामनाम घेत जा. गांधीजी लिहितात की उपायापेक्षा त्यांचा रंभेवर जास्त विश्वास होता, म्हणून त्यांनी ते सुरू केलं. जप फार दिवस टिकला नाही. पण लहानपणी पडलेलं ते बी वाया गेलं नाही आणि आज रामनाम माझ्यासाठी अमोघ उपाय आहे, असं त्यांनी मोठेपणी नोंदवलं.

त्याच प्रकरणात रामरक्षेचाही उल्लेख आहे. एका चुलतभावाने मोहनला आणि त्याच्या भावाला रामरक्षा शिकवण्याची व्यवस्था केली. दोघांनी ती पाठ केली, पोरबंदरला असेपर्यंत रोज सकाळी आंघोळीनंतर म्हटली. राजकोटला गेल्यावर मात्र विसरून गेले. कारणही त्यांनी लपवलेलं नाही: त्यावर फारशी श्रद्धा नव्हती, शुद्ध उच्चारात म्हणता येते याचा अभिमानच जास्त होता.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. शुद्ध उच्चारात पाठ केलेलं स्तोत्र विसरलं. मायेच्या माणसाने भीतीच्या वेळी हातात दिलेलं दोन अक्षरी नाव आयुष्यभर राहिलं.

पुढे आश्रमाच्या एकादश व्रतांत गांधीजींनी ‘अभय’ हे एक व्रत म्हणून ठेवलं. १९३० मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना त्यांनी आश्रमवासीयांना या व्रतांविषयी पत्रं लिहिली. ती ‘मंगल प्रभात’ या पुस्तकात आहेत. अभयावर लिहिताना ते भीतींची यादीच देतात: मरणाची, धन जाण्याची, आजाराची, अब्रूची. या सगळ्यांचं मूळ देहाची आसक्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण निर्भयता ईश्वराचा साक्षात्कार झालेल्यालाच साधते, पण प्रयत्नाने प्रत्येकाला त्या दिशेने जाता येतं, असंही ते सांगतात.

विज्ञान काय सांगतं?

इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. प्रार्थनेने घाबरलेल्या माणसात काही बदल होतो का, हा पहिला. प्रार्थनेने बाहेरची घटना बदलते का, हा दुसरा.

*श्वासाची लय.* २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाचा वेग मिनिटाला साधारण सहापर्यंत खाली आला आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियमन सुधारलेलं दिसलं. हा अभ्यास रामरक्षेवर नाही आणि लहान आहे. पण लयीत म्हटलेल्या शब्दांनी श्वास संथ होतो, हे त्यातून कळतं. भीतीत नेमका श्वासच आधी बिघडतो.

*लक्ष कुठे आहे.* घाबरलेलं मन पुढच्या शक्यतांमागे धावतं: असं झालं तर? तसं झालं तर? कवच म्हणताना लक्ष कपाळ, डोळे, खांदे, गुडघे असं शरीरावर येतं.

*विश्वास कोणत्या प्रकारचा.* अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेली विभागणी इथे उपयोगी आहे. संकटात माणसं तीन तऱ्हांनी वागतात. काही म्हणतात, जे करायचं ते मीच. काही म्हणतात, मी काही करणार नाही, देव बघून घेईल. आणि काही म्हणतात, देव आणि मी मिळून. यातल्या तिसऱ्या तऱ्हेच्या लोकांत स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास जास्त आढळला. सगळं देवावर सोपवून बसणाऱ्यांत तो कमी होता. ‘देव मला शिक्षा देतोय’ किंवा ‘देवाने मला सोडलं’ अशा विचारांत अडकलेल्यांना संकट जास्त जड जातं, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही पाहायला हवं. २००६ मध्ये अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी दूरच्या लोकांनी प्रार्थना केली. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून अमुक ओळीने अमुक आजार जातो, असं सांगणाऱ्या पोस्टना या पुराव्याचा आधार मिळत नाही.

विश्वास कुठे धोक्याचा होतो?

देवावरचा भरवसा माणसाला पुढचं पाऊल टाकायला बळ देतो तोवर तो उपकारक आहे. तो त्या पावलाची जागा घेऊ लागला की घात होतो. चार ठिकाणी विशेष सावध राहायला हवं.

- साप, विंचू, कुत्रा चावल्यावर: आधी दवाखाना. रामरक्षा रुग्णवाहिकेत म्हणता येते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अशा वेळी वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भजन, कीर्तन, उपासना यांना मात्र हा कायदा हात लावत नाही.
- भीती दाखवून पैसे मागणारे: ‘तुमच्या घरावर करणी आहे, हे केलं नाही तर अनर्थ होईल’ असं सांगणारा माणूस भीती वाढवून विकतो. एकवीस जणांना पाठवा नाहीतर संकट येईल, हा मेसेजही त्याच जातीचा. श्रद्धेने भीती कमी व्हायला हवी. वाढत असेल तर कुठेतरी गडबड आहे.
- वेष पालटून येणारे: रामरक्षेत पाताळ, भूमी आणि आकाशात फिरणाऱ्यांबरोबर कपटवेष घेऊन वावरणाऱ्यांपासूनही रक्षण सांगितलं आहे. आज हा कपटवेष व्हिडिओ कॉलवरच्या पोलिसाच्या गणवेशात येतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचं सांगतो. तिथे समोरच्याचं सगळं भांडवल आपली भीती असते. फोन ठेवा, श्वास सावरा, घरच्यांना सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.
- भीती जातच नसेल तर: रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, बाहेर पडणं बंद, जगणं नको वाटणं. हे श्रद्धा कमी असल्याचं लक्षण नाही. हा त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

म्हणायची असेल तर कशी म्हणावी?

- घाई करू नका. एका श्वासात एक चरण, अशी लय धरा.
- एकदा तरी अर्थासह वाचा. कोणता अवयव, रामाचं कोणतं नाव आणि त्यामागची गोष्ट कोणती, हे कळलं की पाठांतरात जीव येतो.
- मुलांना ‘म्हटली नाहीस तर...’ अशी भीती घालून शिकवू नका. भीती घालवण्याचं स्तोत्र भीती घालून शिकवलं तर हाती काय लागणार?
- म्हणून झाल्यावर स्वतःला विचारा, आता माझ्या हातातलं काम कोणतं? डॉक्टरांना फोन, उद्याचा धडा, कोणाची तरी मागायची राहिलेली माफी. ते करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उच्चार चुकले तर दोष लागतो का? शुद्ध म्हणण्याचा प्रयत्न चांगलाच. पण चुकण्याची धास्ती घेऊन म्हणणं म्हणजे जुनी भीती घालवायला नवी भीती आणणं. संस्कृत जमत नसेल तर मराठी अर्थ वाचा किंवा नुसतं रामनाम घ्या.

रामनवमीशी याचा काय संबंध? चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंतच्या राम नवरात्रात अनेक घरांत आणि मंदिरांत रामरक्षेचे पाठ होतात. बाकी वर्षभर कधीही म्हणता येते.

मी आस्तिक नाही. मग? संथ श्वास, लय आणि लक्ष शरीरावर आणणं यांचा उपयोग कोणालाही होऊ शकतो. पण भाविकाला त्यापलीकडे आणखी एक गोष्ट मिळते: कोणीतरी आपल्या पुढे चालतंय, ही जाणीव. ती उसनी घेता येत नाही. भाविकाकडे ती असेल तर तिची टर उडवण्याचंही कारण नाही.

रामरक्षा म्हणूनही वाईट घडलं तर? तर विश्वास खोटा ठरला किंवा तुमची भक्ती कमी पडली, यातलं काहीच सिद्ध होत नाही. रामाला वनवास चुकला नाही. लक्ष्मणाची सोबत मात्र चौदा वर्षं सुटली नाही. रामरक्षा मागते ती अशी सोबत. आणि सोबत आहे असं वाटलं, की अंधारातही पुढचं पाऊल पडतं.